मेडिकलवरच्या दोन गोळ्या

कामगार वस्तीत संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास मेडिकलच्या दुकानापुढे कोण उभे असते, हे एकदा पाहावे. मोठी माणसे थोडीच असतात. जास्त असतात ती बारा-पंधरा वर्षांची मुले-मुली. कुणाच्या हातात दहाची नोट, कुणाच्या हातात वीसची. "काका, डोकेदुखीच्या दोन द्या." "अंकल, आईचे अंग दुखते, कालच्यासारखेच द्या." काका कात्रीने पाकीट कापतात, दोन गोळ्या कागदी पुडीत टाकतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. औषधाचे नाव कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

आजकालची पोरे स्वतःच्या मनाने औषधे खातात, आईबापाला सांगतसुद्धा नाहीत, अशी तक्रार आमच्या कानावर वरचेवर येते. तक्रार खरी आहे. पण हे पोर शिकले कुठे? आठ वर्षांचे होते तेव्हापासून आपणच त्याला मेडिकलवर धाडले. आजीच्या गुडघ्याची गोळी त्यानेच आणली, बापाच्या कंबरेची त्यानेच आणली, धाकट्या भावाच्या तापाचे औषधही त्यानेच आणले. कोणत्या दुखण्याला कोणत्या रंगाची गोळी, हे त्याला पाठ झाले. मग तेराव्या-चौदाव्या वर्षी स्वतःचे डोके दुखल्यावर ते आपल्याला कशाला विचारील? त्याच्या मते त्याला सगळे ठाऊक आहे.

आणि आपल्याकडे ही रीत का पडली, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. खाजगी दवाखान्यात गेले की फी आहे, औषध आहे, आणि रांगेत बसून बुडालेली हजेरी आहे. मेडिकलवरची गोळी रुपया-दोन रुपयांत मिळते आणि सकाळी कामावर जाता येते. हा हिशेब गरिबीने शिकवलेला आहे, त्याबद्दल कुणी आपल्याला नावे ठेवू नयेत. परंतु मोठ्या माणसाने एक दिवस निभावून नेण्यासाठी घेतलेली गोळी आणि वाढत्या वयाच्या मुलाने महिनोन्महिने लपून घेतलेली गोळी, यांत फरक आहे. तो फरक समजावून देण्यासाठीच आजचा हा लेख.

डोकेदुखीपासूनच सुरुवात करू. नववी-दहावीच्या मुलामुलींची ही नेहमीची तक्रार. सकाळी शाळा, दुपारी क्लास, रात्री एकाच खोलीत टीव्ही चालू असताना अभ्यास, आणि त्यानंतर अंथरुणात मोबाइल. झोप पाच तास. सकाळी नुसत्या चहावर घराबाहेर. डोके दुखणारच. कधी चष्म्याचा नंबर लागलेला असतो आणि मूल फळ्यावरचे डोळे ताणून वाचत असते. कधी अंगात रक्तच कमी असते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अशा मुलीचे डोके दुखते, तिला दम लागतो, पुस्तक उघडले की झोप येते. डोकेदुखीची गोळी तिचे रक्त वाढवू शकत नाही. गोळी फक्त दुखणे दाबते आणि मूळ कारण घरात कुणाला कळत नाही.

यात आणखी एक गोम आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, आणि अशी तीन महिने घेतली, तर त्या गोळीमुळेच रोज डोके दुखू लागते. गोळीचा अंमल उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी घ्यायची. आईला वाटते मायग्रेन आहे, बापाला वाटते अभ्यासाचे नाटक आहे. ही डोकेदुखी सुटण्यासाठी गोळी थांबवावी लागते, आणि पहिले काही दिवस जड जातात, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे. आठवड्यातून दोन-तीनदा मुलाला गोळी लागत असेल तर त्याचे डोळे तपासा, रक्त तपासा आणि सकाळी पोटात काय जाते ते पाहा.

आता मुलींच्या पोटदुखीविषयी. पाळीच्या वेळी पोट दुखले की मुली बहुधा आईलाही सांगत नाहीत. मैत्रिणीने सांगितलेली गोळी दप्तरात ठेवतात. या गोळ्यांत पुष्कळदा मेफेनॅमिक अॅसिड असते. औषध वाईट नव्हे. डॉक्टरही ते देतात. पण ते उपाशीपोटी घेतले तर पोटात जळजळ होते, जठराला जखम होऊ शकते. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने याच औषधाबाबत इशारा दिला होता: क्वचित कुणाला यामुळे अंगावर पुरळ, ताप आणि गाठींची सूज असा गंभीर त्रास होतो. तो घेतल्याबरोबर न होता काही आठवड्यांनीही दिसू शकतो. म्हणून गोळी घेणाऱ्या मुलीच्या आईला ती घेतल्याचे माहीत असले पाहिजे. मुलीने दुखणे सोसत बसावे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पोटभर जेवून, सांगितलेल्या प्रमाणात, दोन दिवस गोळी घ्यावी, गरम पाण्याची पिशवी घ्यावी. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

परीक्षा, सहल किंवा लग्नकार्य आले की पाळी पुढे ढकलण्याची गोळीही मुली परस्पर आणतात. ते हार्मोन आहे. ज्यांना कावीळ होऊन गेली आहे किंवा घरात कुणाला रक्ताची गुठळी होण्याचा आजार आहे, त्यांना ते धोक्याचे ठरू शकते. पाळी म्हणजे विटाळ नव्हे, हे आपल्या घरांना आता सांगायला नको. मग चार तासांच्या कार्यक्रमासाठी पोरीच्या शरीराचे चक्र का फिरवावे?

तिसरी गोष्ट पॅरासिटामॉलची. तापाची ही गोळी घरोघर असते आणि योग्य प्रमाणात ती चांगलीच आहे. घोटाळा होतो तो वेगवेगळ्या नावांमुळे. एखाद्या मुलाला ताप, सर्दी आणि अंगदुखी एकदमच आली असे समजा. तापासाठी त्याने ६५० मिलिग्रॅमची गोळी तीनदा घेतली, झाले १९५०. सर्दीची गोळी तीनदा घेतली, तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होते, झाले १५००. अंगदुखीची गोळी दोनदा घेतली, तिच्यात ३२५ होते, झाले ६५०. एकूण बेरीज ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा ४००० आहे. अडतीस-चाळीस किलो वजनाच्या मुलाची मर्यादा त्याहून बरीच खाली असते. मुलाला वाटते, मी तीन निरनिराळी औषधे घेतली. त्याच्या यकृताला मात्र एकच औषध तीन वाटांनी मिळाले. ज्याला वजाबाकी-गुणाकार येतो त्या प्रत्येक मुलाला ही बेरीज करून दाखवा. ते विसरणार नाही.

पावसाळ्यात तर आणखी जपावे. आपल्या वस्त्यांत पाणी तुंबते, टायर आणि पिंपांत डास होतात, डेंग्यू येतो. डेंग्यूच्या तापात अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणून मूल शाळेत जाते आणि तिथे नाकातून रक्त येते. सोळा वर्षांखालच्या मुलांना तापात अॅस्पिरिन तर देऊच नये. त्याने क्वचित मेंदूवर आणि यकृतावर घाला येतो. निमेसुलाईड हे औषध बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासूनच बंदी आहे. पावसाळ्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ताप राहिला तर मेडिकलकडे न जाता दवाखान्याकडे जावे.

घसा दुखला की अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणायच्या, ही युक्तीही आता पोरांना माहीत झाली आहे. साधी सर्दी आणि बहुतेक घसेदुखी विषाणूमुळे होते आणि चार-पाच दिवसांत आपसूक बरी होते. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. चौथ्या दिवशी बरे वाटते आणि श्रेय गोळीला मिळते. उलट, अर्धवट घेतलेल्या औषधांनी जंतू निगरगट्ट होतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. खोकल्यात तर याहून वाईट होते. लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या जातीची औषधे क्षयाच्या जंतूंवरही थोडी चालतात. क्षय झालेल्या मुलाने ती चार दिवस खाल्ली की खोकला दबतो, घरचे निर्धास्त होतात, आणि खरा आजार महिना-दोन महिन्यांनी उघड होतो. तोवर त्याच खोलीत झोपणारी धाकटी भावंडेही त्याच हवेत श्वास घेत असतात. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाचे औषध दोन्ही फुकट मिळते.

आता ज्या औषधाला आपण औषध म्हणतच नाही, त्याविषयी. ते म्हणजे तोंडाला लावायचे मलम. गजकर्णासाठी आणलेले, शेजारणीने सुचवलेले, "लावून बघ, आठ दिवसांत उजळशील" असे सांगितलेले. अशा पुष्कळ ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरेच उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, उन्हात गेले की चेहरा लालभडक होतो, पुरळ उठते, मुलींच्या गालावर लव वाढते. लावायचे थांबवले की आग होते, म्हणून पुन्हा लावावे लागते. गजकर्णावर लावले तर खाज थांबते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरते. या प्रकाराने इतके चेहरे खराब झाले की २०१८ साली केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टेरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे ठरवले. ज्या मुलीने बरेच दिवस लावले असेल तिने ते एकदम न सोडता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

पण येथे प्रश्न केवळ मलमाचा नाही. चौदा वर्षांची पोर आपला चेहरा का जाळून घेते? कारण घरात, लग्नकार्यात, पाहुण्यांत तिने शंभरदा ऐकलेले असते, "नाकीडोळी नीटस आहे हो, पण रंगाने मार खाल्ला." हे वाक्य बोलणारी माणसे बाहेरची नसतात, आपलीच असतात. माणसाला जन्मावरून खालचा ठरवणे ज्यांनी सोसले आणि नाकारले, त्यांच्या घरात पोरीला कातडीवरून खालची ठरवावे? मुलीचा रंग हा आजार नाही आणि त्याला औषध नाही. हे तिच्या बापाने एकदा तिच्यासमोर, चार पाहुण्यांच्या देखत म्हणावे. कुठल्याही ट्यूबपेक्षा त्याचा गुण जास्त येईल.

मुलग्यांच्या बाबतीत निराळी वाट असते. कोडीन असलेले खोकल्याचे औषध बाटलीच्या बाटली पिणे, झोपेच्या गोळ्या नशेसाठी घेणे. या गोळ्यांना पोरांच्या भाषेत कुठे 'बटन' म्हणतात, कुठे 'कुत्ता गोळी'. दारूचा वास येतो, याचा येत नाही; म्हणून घरात लवकर उमगत नाही. दिवसा पेंगणे, जीभ जड होणे, शाळेला दांड्या, खर्चाचे पैसे न पुरणे, गादीखाली किंवा दप्तरात रिकाम्या बाटल्या, अशी लक्षणे दिसली तर मारझोड करू नये. मार खाल्लेले पोर घराबाहेर जाते, आणि घराबाहेर त्याला कोण भेटते हे सांगायला नको. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यावे. ही सवय औषधोपचाराने सुटते.

आणि एक नाजूक गोष्ट. निकालाच्या दिवसांत, प्रेमभंगात किंवा रागाच्या भरात एखादे मूल हाताला येतील त्या गोळ्या खाऊन टाकते. मग घाबरून सांगते, "आई, मी गोळ्या खाल्ल्या." त्या क्षणी ओरडू नका, मिठाचे पाणी पाजून उलटी करवत बसू नका. रिकामे पाकीट उचला, १०८ ला फोन करा किंवा रिक्षा धरा आणि मोठे रुग्णालय गाठा. मूल ठणठणीत दिसते म्हणून थांबू नका. पॅरासिटामॉलचा दुष्परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, मात्र त्याचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम काम करतो. पोलिसांच्या भीतीने कुणी मुलाला घरात ठेवू नये. असे करणारे माणूस मोठ्या ताणाखाली होते असे मानावे, त्याला शिक्षा करू नये, हेच मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो. मन जड झालेल्या मुलाला किंवा त्याच्या आईबापाला १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते.

मग करायचे काय? मुलाला मेडिकलवर धाडणे बंद करा, असे सांगणे सोपे आहे, पण आई धुणीभांड्यांवरून आणि बाप पाळीवरून येईपर्यंत घर त्याच मुलाच्या हाती असते. आमचे म्हणणे वेगळे आहे. गोळीच्या पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरे घरात कुणाला वाचता येत असतील तर ती याच मुलाला. आजोबांना ती येत नव्हती, बापाला अडखळत येतात. मग या वाचनाचा उपयोग घराला होऊ द्या. त्याला नुसता निरोप्या ठेवू नका, घरातल्या औषधांचा वाचक करा.

त्याला पाकीट वाचायला शिकवा. ठळक नावाखाली बारीक अक्षरांत असते ते औषधाचे खरे नाव; त्यापुढे मिलिग्रॅम; मग मुदत संपण्याची तारीख. डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. २०१६ साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीमच काढली होती. लाल चौकटीत इशारा छापलेला असेल तर जास्तच सांभाळावे. २०१४ पासून असे औषध देताना दुकानदाराला रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव वहीत नोंदवून ती नोंद तीन वर्षे ठेवावी लागते.

दुकानात तीन प्रश्न विचारायला शिकवा. "काका, यात औषध कोणते आहे? किती वेळा घ्यायचे? कशासोबत घ्यायचे नाही?" सुटी गोळी घेतली तरी नाव आणि तारीख असलेला तुकडा मागून घ्यावा. चांगला दुकानदार याचा राग मानत नाही.

घरात एक जुनी वही औषधांसाठी ठेवा. तारीख, कुणासाठी, कोणते औषध, किती. मुलाने लिहावे, आईने पाहावे. महिन्याकाठी वही चाळली की कोणाचे डोके कितीदा दुखले ते आपोआप कळते. डॉक्टरकडे जाताना हीच वही न्यावी. उरलेल्या गोळ्या कोनाड्यात, देवळीत, फ्रिजवर पडू देऊ नका. एका डब्यात घालून मोठ्या माणसाच्या ताब्यात ठेवा.

आणि फुकटचा दवाखाना कुठे आहे ते माहीत करून घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत केसपेपर आणि उपचार मोफत केले आहेत. 'आपला दवाखाना' मुंबईत २०२२ पासून आणि राज्यात २०२३ पासून सुरू झाला, आणि कामावरून आल्यावर जाता यावे म्हणून तो संध्याकाळीही उघडा असतो. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी अनेक सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथे पाळी, पुरळ, अशक्तपणा, मनाची घालमेल, सगळे मोकळेपणी विचारता येते. आपल्या भागात काय आहे ते आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला विचारा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली फेकून तर देत नाहीत ना, तेही पाहा. जिची गरज आहे ती गोळी कचऱ्यात आणि जिची नाही ती पोटात, असे व्हायला नको.

शेवटी, मूल गोळी लपवून घेते तेव्हा ते बहुधा गोळी लपवत नसते, दुखणे लपवत असते. आई थकून आली आहे, बापाला ओव्हरटाइम आहे, आपल्यामुळे खर्च नको, अशी त्याची समजूत असते. आपल्या घरची मुले लवकर शहाणी होतात, त्याचे आपल्याला कौतुक वाटते. पण आपले दुखणे घराला परवडत नाही, असे मुलाला वाटावे इतके शहाणपण नको. आज रात्री जेवताना प्रत्येकाला एवढेच विचारा, "काही दुखतेखुपते का रे? कधीपासून?" आणि ते काय सांगते, ते पूर्ण ऐकून घ्या.